शेततळ्यात मांगूर पाळणे योग्य आहे काय?

शेततळे हे मुळात पिकाच्या रक्षणासाठी असते. पावसाने ओढ दिली असता सोयाबीनला किंवा तुरीला एखादे पाणी देता यावे, हा त्याचा पहिला हेतू होय. परंतु साठलेल्या पाण्यावर मासळीचेही उत्पन्न निघू शकते, हे ध्यानी आल्यापासून लोहारा तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील शेतकरी मत्स्यसंवर्धनाकडे वळू लागले आहेत. अशा वेळी एक प्रश्न वारंवार पुढे येतो : थोड्या पाण्यात जगणारा व झपाट्याने वाढणारा थाई मांगूर शेततळ्यात सोडावा काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याची कारणे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मांगुराचे मोह पाडणारे गुण

थाई मांगूर या नावाने ओळखला जाणारा मासा मूळचा आफ्रिका खंडातील आहे. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांप्रमाणे फाटे फुटलेले एक श्वसनेंद्रिय असते. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. पाणी आटून चिखल उरला, पाणी गढूळ किंवा घाण झाले, तरी तो तग धरतो. तो एक मीटरहून अधिक लांब वाढू शकतो आणि जे मिळेल ते खातो. उन्हाळ्याआधीच पाणी खाली जाणाऱ्या तळ्याच्या मालकास हा मासा सोयीचा वाटावा, यात नवल नाही.

हेच गुण दोष कसे ठरतात?

जो मासा वाईट पाण्यातही मरत नाही, त्याला आवरणे कठीण असते. ओल्या जमिनीवरून तो छातीच्या पराच्या ताठ काट्यांचा आधार घेत काही अंतर सरपटत जातो. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की तो ओढ्यात उतरतो. लोहारा तालुक्यात माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. तेरणेचे पाणी पुढे मांजरेस व मांजरेचे गोदावरीस मिळते. म्हणजे एका शेततळ्यातून सुटलेला मासा केवळ त्या गावाचा प्रश्न राहत नाही. तो इतर मासे, त्यांची अंडी व पिले, बेडूक आणि कीटक खातो. ज्या कुटुंबांची उपजीविका नदी व जलाशयातील मासेमारीवर चालते, त्यांच्या पोटावरच हा घाला पडतो. एकदा तो नदीत स्थिरावला की त्यास पुन्हा काढून टाकण्याचा उपाय हाती उरत नाही.

दुसरे असे की, काही ठिकाणी या माशास कत्तलखान्यातील व कोंबड्यांचे सडके अवशेष घालून वाढविले जाते. त्याने पाणी नासते व दुर्गंधी पसरते. तेच पाणी पिकास किंवा जनावरांस द्यावयाचे असेल तर धोका उघड आहे.

या कारणांमुळेच केंद्र शासनाने २००० साली या माशाच्या संवर्धनावर बंदी घातली. ‘देशी मागूर’ म्हणून त्याचे बीज विकले जाण्याचा संभव असतो. देशी मागुराच्या डोक्यामागील हाडाची कड निमुळती असते, तर आफ्रिकी जातीत ती ‘एम’ या इंग्रजी अक्षरासारखी दिसते. लहान बीजात हा फरक ओळखणे सोपे नाही. म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून बीज घेऊच नये.

मग कोणते मासे सोडावेत?

कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे एकत्र वाढविणे हितावह असते. कटला वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळातील अन्न खातो. त्यामुळे एकाचा घास दुसरा हिरावून घेत नाही. हे मासे साठलेल्या तळ्यात आपोआप प्रजनन करीत नाहीत, म्हणून त्यांची संख्या शेतकऱ्याच्या हाती राहते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने या जातींचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे त्यांचे बीज आज केंद्रांतून मिळू शकते.

हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली हे प्रमाण धरल्यास ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळ्यात, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांत, ४५० बोटुकली पुरे होतात. त्यांत १८० कटला, १३५ रोहू व १३५ मृगळ असावेत. बीजाची पिशवी प्रथम १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर तळ्याचे पाणी हळूहळू आत घेऊन मासे सकाळी किंवा सायंकाळी सोडावेत. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून खाद्य द्यावे. मासळीचे एकूण वजन १०० किलो असेल तर रोज २ ते ३ किलो खाद्य पुरते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसल्यास प्राणवायू कमी झाला असे समजावे, खाद्य थांबवावे व ताजे पाणी सोडावे.

पाणी टिकत नसेल तर

निदान ८ महिने दीड मीटर पाणी राहत नसेल, तर लहान बीज सोडून लाभ होत नाही. अशा तळ्यात आधीच मोठी झालेली बोटुकली सोडून पाणी आटण्यापूर्वी मासळी काढावी. तेही शक्य नसेल, तर ते पाणी पिकासाठीच राखणे शहाणपणाचे. पाण्याप्रमाणे मासा निवडावा, माशाच्या लोभाने पाणी बिघडवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

१. सांडव्यास व पाणी येण्याच्या मार्गास बारीक जाळी बसविली आहे काय, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

२. प्लॅस्टिकचे अस्तर निसरडे असते. तळ्याभोवती कुंपण व आत दोर बांधलेला असल्याखेरीज कोणासही उतरू देऊ नये. मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी.

३. मांगूर आढळल्यास तो ओढ्यात किंवा विहिरीत सोडू देऊ नये. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास तत्काळ कळवून त्यांच्या सल्ल्याने तो नष्ट करावा.