रोटाव्हेटरच्या शाफ्टचा क्रॉस आपणही बदलू शकतो

मृग तोंडावर आला की रान तयार करायची घाई असते आणि नेमका तेव्हाच रोटाव्हेटर कटकट आवाज करू लागतो. गावात मिस्त्री नसतो आणि तालुक्याला जावं तर दिवस मोडतो. आमच्या गटाच्या अवजार बँकेत हे काम आता आम्हीच करतो. ते कसं, ते आज सांगतो.

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा पीटीओ आणि रोटाव्हेटर यांना जोडतो तो पीटीओ शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. तोच क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार कप असतात आणि कपात सुईसारख्या बारीक सळ्यांचं बेअरिंग. ज्या दोन कानांच्या चिमट्यात हे कप बसतात त्याला योक म्हणतात. रोटाव्हेटर वरखाली झाला तरी या सांध्यामुळे शाफ्ट तिरका फिरू शकतो. जीप आणि पिकअपच्या पोटाखालच्या शाफ्टलाही असाच क्रॉस असतो.

क्रॉस झिजला हे ओळखायचं कसं? ट्रॅक्टर बंद करून योक हाताने हलवा. खटखट हलला, कपाभोवती तांबडी गंजाची भुकटी दिसली किंवा चालताना शाफ्ट थरथरला, तर क्रॉस गेला समजा. तसाच चालवला तर क्रॉस तुटून शाफ्ट निखळतो आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेततं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीटीओ साधारणपणे मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 9. पदर, ओढणी किंवा वेणी त्यात अडकली तर ओढून काढायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा, पीटीओचा दांडा बंद करा, इंजिन बंद करा आणि किल्ली आपल्या कमरेला खोचा. पदर घट्ट बांधा. मगच शाफ्टला हात लावा.

टोकाची खटक्याची पिन दाबून शाफ्ट काढा. त्याचे दोन भाग एकमेकांत सरकतात. ते वेगळे करायच्या आधी दोन्हींवर रंगाची एक सरळ खूण करा. आतल्या बाजूचे दोन योक एका रेषेत असावे लागतात. जोडताना चुकलं तर नवा क्रॉस घालूनही शाफ्ट थरथरतो.

सांधा डिझेलने स्वच्छ करा. कपांना अडवणारी सर्कलिप पकडीने काढा. ती उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. आता व्हाइसमध्ये योक धरा. एका कपावर कपापेक्षा लहान गोटी आणि समोरच्या बाजूला कप आत मावेल इतकी मोठी गोटी ठेवा. व्हाइस आवळत गेलं की समोरचा कप मोठ्या गोटीत सरकतो. मग बाजू उलटी करून दुसरा कप काढा. योकच्या कानावर हातोडी मारू नका, कान वाकतो. योकचं भोक लांबट झालं असेल किंवा कानाला चीर असेल, तर योकही बदलावा लागतो.

दुकानात जुना क्रॉस सोबत न्या. कपाची जाडी आणि समोरासमोरच्या कपांमधली लांबी जुळली पाहिजे. डोळ्यांच्या अंदाजाने आणू नका.

नव्या कपात ग्रीस लावा, म्हणजे सुया उभ्या राहतात. क्रॉस योकमध्ये धरा. ग्रीसचं निपल अशा बाजूला ठेवा की ग्रीस गन सहज पोचेल. एक कप थोडा आत ढकला, क्रॉसचं टोक त्यात शिरवा, मग समोरचा कप बसवा. सर्कलिपची खाच दिसेपर्यंत दाबा. खाच दिसत नसेल तर आत एखादी सुई आडवी पडलेली असते. जोर लावू नका, कप काढून सुई नीट करा. चारही सर्कलिप खाचेत पक्क्या बसल्या का ते पाहा. सांधा दोन्ही बाजूंना हाताने सहज वळला पाहिजे. मग चारही कपांच्या कडेने ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवा.

खूण जुळवून शाफ्ट जोडा, पिन बसली का ते ओढून पाहा. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याची साखळी लावल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू नका. कव्हर काढून ठेवायची सवय गावोगावी आहे, ती मोडायला हवी. पहिल्यांदा इंजिन हळू चालवून, लांब उभं राहून आवाज ऐका.

क्रॉस लवकर जातो तो ग्रीसअभावी. रोज काम सुरू करण्यापूर्वी ग्रीस भरा आणि बांधावर वळताना रोटाव्हेटर उंच उचलायचा असेल तर पीटीओ बंद करा. गटाच्या वहीत ग्रीस भरल्याची तारीख आणि सही असा एक रकाना आखा. अवजार गटाचं आहे, तर त्याची निगाही गटाचीच. पुढच्या बैठकीला शाफ्ट मध्ये ठेवा आणि प्रत्येकीने तो एकदा हाताने हलवून पाहा.