विरळ हवेतील सायकल

तिबेटी पठारावर सायकल चालवायची म्हणजे सारखे घाट चढायचे, अशी बहुतेकांची समजूत असते. मनालीहून लेहपर्यंत सायकलने गेल्यापासून माझी तरी ती राहिलेली नाही. या पठारावरील चांगथांगचा पश्चिमेकडील भाग आपल्या लडाखमध्ये येतो. तेथील मोरे मैदान सुमारे ४० किलोमीटर लांब असून एखाद्या माळासारखे सपाट आहे. उंची मात्र ४,७०० मीटर! धसका घ्यायचा तो या सपाटीचा.

तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच, २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. तांगलांग ला या ५,३२८ मीटर उंचीच्या खिंडीत तो समुद्रकाठच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असतो. विरळ हवेचा अडथळा कमी, हे खरे; एडी मर्क्सने १९७२ मध्ये तासाभरात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवण्याचा विक्रम केला तो मुद्दाम मेक्सिको सिटीत जाऊन. पण ते शहर २,२०० मीटरवर आहे. त्याच्या दुपटीवर गेले की फुफ्फुसेच हार खातात, मग अडथळ्याचे काय कौतुक?

पाणीही तेथे सुमारे ८४ अंशांनाच उकळते. आमचा भात शेवटपर्यंत कच्चाच राहिला. शिवाय सरपण नाही. म्हणूनच तिबेटी लोक सातू आधीच भाजून, दळून ठेवतात आणि ते पीठ लोणी घातलेल्या चहात कालवून खातात. त्याला त्सांपा म्हणतात. आपल्याकडे सातूचे पीठ खाल्लेल्याला ते परके वाटणार नाही.

खरा पेच आजारपणाचा. डोके दुखणे, मळमळणे, पुढे तोल जाणे ही उंची बाधल्याची लक्षणे, आणि खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणे. पण सरचू ते रुमत्से या दीडशेहून अधिक किलोमीटरांच्या टप्प्यात एका बाजूला ५,००० मीटरवरची लाचुलुंग ला, तर दुसऱ्या बाजूला तांगलांग ला. उतरायचे तरी आधी चढावे लागते! पांग येथे आमच्या एका सोबत्याचे डोके रात्रभर ठणकत होते. पहाटे त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सायकलीसकट त्याला एका ट्रकमध्ये बसवून लेहला धाडले. ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत.

आम्ही दोघे तिसऱ्या दिवशी पोहोचलो, तेव्हा स्वारी बाजारात जर्दाळू खात उभी होती.