नौकेची रुंदी आणि जाकिटाची उचल

नागपूरच्या प्रताप नगरातून सायंकाळी अंबाझरी तलावाकडे फिरावयास जाणाऱ्या ज्या तरुणांच्या मनात कयाक घेऊन गळाने मासे धरण्याची आकांक्षा अंकुरते, त्यांनी किमतीची चौकशी करण्यापूर्वी नौकेच्या रुंदीचा विचार करणे अगत्याचे आहे. लांब व अरुंद नौका पाणी कापीत वेगाने सरळ जाते खरी. परंतु मासा ओढताना देह एका अंगास झुकून गुरुत्वमध्य ढळतो, आणि अशा समयी सुमारे ८० सेंटिमीटर रुंदीची, वरून बंद व माथ्यावर बैठक असलेली नौकाच, मंदगती असली तरी, तोल सांभाळते. शिवाय ती उलटली तरी पाण्याने भरत नाही. तोलाचे हे ज्ञान विदर्भातील ढिवर बांधवांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने लाभलेले असून नवशिक्याने ते त्यांच्यापाशी बसून आदराने शिकावे.

तलावाचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के कमी उचल देते. सबब जीवरक्षक जाकीट किमान ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम भार तोलणारे, आणि नौकेत ठेवलेले नव्हे, तर अंगावर घट्ट बांधलेले असावे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने हाच अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पूर शिरला होता. तेव्हा वाचकांस आग्रहाची विनंती, की पावसाळ्यात सांडव्याच्या दिशेने नौका मुळीच नेऊ नये आणि रीतसर परवानगीवाचून कोणत्याही जलाशयात उतरू नये.