जुना पुएर विकत घेण्याआधी



मागच्या महिन्यात माझ्या एका कोर्समेटचा डेहराडूनहून फोन आला. "अरे, १९७५ सालचा पुएर चहा मिळतोय. चाळीस हजार मागतोय. घेऊ का?" फोटोही पाठवले होते. मी विचारलं, "पैसे दिलेस का?" म्हणाला, "उद्या देणार." म्हटलं, "मग उद्या देऊ नकोस."

ज्यांना पुएर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा. झाड आपल्या आसामच्या मोठ्या पानाच्या जातीचंच. पानं वाफवून, दाबून त्याची चकती करतात. ठरलेलं वजन ३५७ ग्रॅम, आणि अशा सात चकत्यांचं एक बंडल. कच्च्या चहाला शेंग म्हणतात (भुईमुगाशी संबंध नाही!). तो वर्षानुवर्षं सावकाश मुरतो. दुसरा शोऊ. त्याचे ओले ढीग लावून काही आठवड्यांतच तो आंबवतात. ही पद्धत १९७३च्या सुमारास कुनमिंगमध्ये बसवली गेली. त्यामुळे "१९६० सालचा शोऊ" असं कोणी म्हणालं, की तिथूनच परत फिरायचं.

आता मित्राच्या चकतीकडे येऊ. त्याचा सगळा भरवसा ७५४२ या आकड्यावर होता. विक्रेत्यानं सांगितलं होतं, ७५ म्हणजे १९७५ साल. खरं आहे, पण ते साल मिश्रणाची कृती ठरल्याचं. पुढचा ४ म्हणजे पानाची प्रत आणि शेवटचा २ म्हणजे मेंगहाई कारखाना. हे मिश्रण आजही बनतं. म्हणजे ७५४२ची चकती गेल्या वर्षीचीही असू शकते. शिवाय त्या काळातली खरी चकती लिलावात कित्येक लाखांना जाते. ती चाळीस हजारांत आपल्याकडे कशाला येईल?

वेष्टनाच्या कागदावरून खोटेपणा पकडता येतो, खरेपणा मात्र सिद्ध होत नाही. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपनं अक्षरं वाचा. सिमाओ शहराचं नाव पुएर शहर झालं ते २००७मध्ये. मग १९९९च्या म्हणवणाऱ्या कागदावर पत्ता "पुएर शहर" असेल, तर तो कागद नंतर छापलेला. चीनचं क्यूएस हे अन्नसुरक्षेचं चिन्हही नव्या शतकातलं, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या चकतीवर ते दिसता कामा नये. कागद सगळीकडे सारखाच पिवळा आहे का, तेही बघा. खऱ्या जुन्या कागदाच्या घडीतला भाग फिकट राहतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद आतबाहेर एकाच रंगाचा होतो. हे मी हाँगकाँगला एका दुकानात स्वतःच्या खिशातून शिकलो. घरी येऊन घडी उलगडली तेव्हा कळलं. सौ. अजून त्या चकतीला "तुमचं मेडल" म्हणतात.

पण चकती खरीच जुनी असली तरी प्रश्न संपत नाही. ती राहिली कुठे, हा मोठा प्रश्न. हाँगकाँगच्या दमट गोदामात चहा लवकर काळवंडतो, कुनमिंगच्या कोरड्या हवेत तो फार सावकाश बदलतो. मुद्दाम ओलीत ठेवून पाच वर्षांचा चहा वीस वर्षांचा भासवणारेही आहेत. म्हणून विक्रेत्याला सालाबरोबर चकती कुठे कुठे राहिली तेही विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर समजून घ्या.

खरी परीक्षा कपात. चकती घेण्याआधी दहा ग्रॅमचा नमुना मागा, तोही कडेचा नको, आतला. पांढरी किंवा पिवळी बुरशी दिसली तर टाकून द्या. पाच ग्रॅम चहावर उकळतं पाणी घाला, ते पहिलं पाणी ओतून टाका आणि मग प्या. जुन्या शेंगचा रंग लालसर तपकिरी, पण पाणी नितळ असतं. वास कोरड्या लाकडाचा, कधी कापराचा. पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर चहा ओलीत राहिलाय. शेवटी पानं ताटलीत पसरा. शेंगची पानं तपकिरी होतात, पण बोटांनी उलगडता येतात. शोऊची काळी, आखडलेली, चोळली तर चुरा होणारी. जुना शेंग म्हणून शोऊ गळ्यात मारणं ही सर्रास चालणारी युक्ती, आणि ती इथेच उघडी पडते.

शोऊ वाईट नसतो, हेही सांगतो. मटणाच्या जेवणावर मला तोच आवडतो. फक्त त्याला शोऊचाच भाव द्यावा. वर्षानुवर्षं ठेवलेल्या चहाची गोडी मला लागली ती मार्गेरिटाजवळच्या पोस्टिंगमध्ये. तिथले सिंगफो लोक चहा बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवतात. त्यावर ना वेष्टन, ना आकडा. घरातली म्हातारी सांगेल तेच साल.

मित्रानं नमुना मागितला. विक्रेता आधी म्हणाला, चकती फोडली की किंमत जाते. मग तीनशे रुपयांत दहा ग्रॅम द्यायला तयार झाला. मित्रानं त्यातला निम्मा मला कुरिअर केला. पाणी शाईसारखं काळं उतरलं आणि पानं बोटांत चुरली. मी फोन केला तर तो हसत म्हणाला, "माझ्याकडेही तेच. पण चव बरी आहे रे." आता तो तसलाच शोऊ आठशे रुपयांना कुठे मिळतो ते शोधतोय.