विश्लेषण : बालाघाटात मोटारसायकलवर जाताय? आधी घड्याळ ठरवा, मग रस्ता

फाल्गुन-चैत्रात पळस फुलतो, परीक्षा संपत येतात आणि दुचाकीवरून घाट पालथे घालण्याचे बेत सुरू होतात. अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेजवळचे खर्डा त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. मात्र सह्याद्रीतल्या पावसाळी सहलीचे गणित येथे चालत नाही. या भागात वसंत म्हणजे उन्हाळ्याचे दारच.

खर्डाच का?

जामखेड तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या डोंगरांलगत आहे. १८व्या शतकात निंबाळकर घराण्याने बांधलेला भुईकोट किल्ला येथे आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेली लढाई याच गावाच्या नावाने ओळखली जाते. मोहरी घाट उतरून आलेल्या निजामाने पराभवानंतर या किल्ल्याचा आसरा घेतला. मराठ्यांनी वेढा घातला, आत पाण्याचे हाल झाले आणि अखेर त्याला तह मान्य करावा लागला. मार्चमध्ये या मुलखात पाण्याची काय किंमत असते, हे त्यावरून कळते.

दोन दिवसांचा बेत कसा आखावा?

अहिल्यानगरहून कडा, आष्टीमार्गे जामखेड सुमारे ७५ किलोमीटर आणि तेथून खर्डा पंचवीसेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघाल्यास चहा-नाश्ता धरून नऊच्या आसपास किल्ल्यावर पोहोचता येते. अकरापर्यंत किल्ला पाहून दुपार सावलीत काढावी. मुक्कामाची सोय जामखेडला आधीच बघून ठेवावी. चारनंतर अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव चौंडी पाहता येईल.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याहून धाराशिव जिल्ह्यातले जैन सिद्धक्षेत्र कुंथलगिरी, पुढे सोलापूर-धुळे महामार्गाने मांजरसुंबा, तेथून पाटोदा आणि सौताड्यावरून जामखेड अशी फेरी होते. सौताड्याचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो. दरी आणि रामेश्वर मंदिर मात्र पाहण्यासारखे आहे. फेरी मोठी आहे. दुपारच्या आत निम्मी झाली नाही, तर मांजरसुंब्याहूनच थेट परतीचा निर्णय घ्यावा.

वारा लागतो, मग ऊन का बाधते?

हवा त्वचेपेक्षा गार असेल तर वारा अंग थंड करतो. पारा ४०च्या पुढे गेला की तोच वारा अंग तापवतो. शिवाय घाम लगेच सुकत असल्याने शरीरातले पाणी किती गेले, ते चालवणाऱ्याला कळत नाही. डोके दुखू लागते, लक्ष उडते आणि वळणावर चूक होते.

म्हणून उघडे हात आणि टी-शर्ट गार वाटले तरी ते टाळावे. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, हातमोजे आणि गळ्याभोवती ओला रुमाल चांगला. तहान लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाला थांबून पाणी प्यावे, सोबत ओआरएस ठेवावे. अकरा ते चार गाडी बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

घाट उतरताना काय सांभाळावे?

पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे ही सर्वांत धोकादायक सवय. तेव्हा गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि त्याची पकड कमी होते. त्यामुळे उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, इंजिनला वेग रोखू द्यावा आणि ब्रेक अधूनमधून, दोन्ही मिळून वापरावेत.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचे आहे. त्याने चाक लॉक होत नाही, पण वळणावर पसरलेल्या खडी-मुरमावर घसरण्याचा धोका राहतोच. तेथे वेग वळणाच्या आधी कमी करावा. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे.

निघण्यापूर्वी गाडीत काय पाहावे?

● टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.
● मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या टायरचा दाब गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे वाढवावा.
● ब्रेक पॅड किंवा लायनर, चेनचा ताण, इंजिन ऑइल आणि मागचा दिवा पाहून घ्यावा.
● हेल्मेट आयएसआय चिन्हाचे हवे, मागे बसणाऱ्यालाही. कायद्याने ते दोघांना बंधनकारक आहे.
● डोंगरात मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच डाउनलोड करावा आणि ठरलेला रस्ता घरी सांगून निघावे.

अंधार पडल्यावर पुढे जावे का?

शक्यतो नाही. मार्चमध्ये अनेक ठिकाणी उसाची वाहतूक सुरू असते. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. मार्चअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. जामखेडहून साडेचारला निघाले तर उजेडात अहिल्यानगर गाठता येते. एखादे ठिकाण राहिले तर पुढच्या वेळी पाहता येते. उशीर भरून काढायला घाटात वेग वाढवणे मात्र महागात पडते.