विश्लेषण : परिषदेच्या हॅशटॅगवरची चर्चा नंतर जाते कुठे?

वैज्ञानिक परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तारीख आणि स्थळाबरोबर हॅशटॅगही छापण्याची पद्धत आता रुळली आहे. सभागृहात बसलेले संशोधक त्या हॅशटॅगखाली व्याख्यानातले मुद्दे, शंका, शोधनिबंधांच्या लिंक टाकतात. पण काही वर्षांनी हीच चर्चा शोधायला गेल्यास अनेकदा हाती फारसे काही लागत नाही. असे का?

हॅशटॅगचा उपयोग काय?

मोठ्या परिषदेत एकाच वेळी अनेक सभागृहांत सत्रे चालतात. शेजारी काय चालले आहे, हे हॅशटॅगमुळे कळते. विमानभाडे आणि नोंदणी शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही कोल्हापुरात बसून परदेशातली चर्चा वाचता येते. मुळात हॅशटॅग सुचला तोच अशा मेळाव्यांसाठी. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर ही कल्पना मांडताना उदाहरण दिले होते '#बारकॅम्प'चे. बारकॅम्प म्हणजे तंत्रज्ञांची अनौपचारिक परिषद.

अर्थात, हॅशटॅगवरची चर्चा म्हणजे अख्खी परिषद नव्हे. बहुतेक पोस्ट मोजक्याच लोकांच्या असतात. गुपचूप वहीत टिपणे काढणारे त्यात दिसत नाहीत.

वाद कशावरून?

परिषदेत अनेकदा अप्रकाशित संशोधन मांडले जाते. त्याच्या स्लाइडचा फोटो बाहेर गेला, तर दुसरा गट पुढे जाईल किंवा नियतकालिक निबंध नाकारेल, ही भीती असते. २००९ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील परिषदेत पत्रकारांना वक्त्याची परवानगी बंधनकारक होती, पण ब्लॉग लिहिणारे शास्त्रज्ञ त्यातून सुटत होते. एका वृत्तसंकेतस्थळाने यावर बोट ठेवल्यानंतर नियम बदलला. २०१७ मध्ये सॅन डिएगोतील परिषदेवेळी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने स्लाइडचे फोटो असलेली ट्विट काढून टाकण्यास सांगितले आणि त्यावरून टीका ओढवून घेतली. हजारो फोन खिशात असलेल्या सभागृहात अशी बंदी टिकणे कठीणच. त्यापेक्षा 'ही स्लाइड शेअर करू नये' अशी खूण वक्त्याने स्वतःच स्लाइडवर टाकणे अधिक व्यवहार्य ठरले.

चर्चा जमवायची कशी?

खरी अडचण इथे आहे. ट्विटरच्या मोफत एपीआयमधून साधारण मागच्या ७ दिवसांतलीच ट्विट मिळत. त्यामुळे परिषद आटोपून, घरी परतून, मग निवांत गोळा करू म्हणणारे हमखास उशीर करत. जाणकार संयोजक आधीच 'टॅग्स' हे गुगल शीटवर चालणारे साधन सुरू करून ठेवत. ठरावीक वेळाने ट्विट आपोआप शीटमध्ये जमा होत. अनेकांनी निवडक ट्विट 'स्टोरिफाय'वर गुंफून ठेवली. ती सेवा मे २०१८ मध्ये बंद पडली.

अभ्यासकांनी केलेले संग्रहही आज निम्मेच उपयोगी आहेत. ट्विटरच्या अटींमुळे ट्विटचा मजकूर सरसकट वाटता येत नसे, फक्त त्याचा आयडी क्रमांक देता येई. त्या क्रमांकावरून मजकूर पुन्हा मागवायचा. यात एक चांगली बाजू होती : लेखकाने ट्विट काढून टाकले असेल तर ते संग्रहातूनही जाई. पण २०२३ मध्ये मोफत एपीआय बंद झाले आणि क्रमांकांच्या याद्या किल्ली हरवलेल्या लॉकरसारख्या झाल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही सर्व सार्वजनिक ट्विट जपण्याचे काम थांबवून १ जानेवारी २०१८ पासून निवडकच घ्यायला सुरुवात केली होती.

आता काय?

ट्विटर 'एक्स' झाल्यावर अनेक संशोधक ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉनकडे वळले. ब्लूस्कायवरील सार्वजनिक पोस्ट तुलनेने सहज गोळा करता येतात. मॅस्टोडॉनचे तसे नाही. तिथे एखाद्या सर्व्हरवर हॅशटॅग शोधला, तर त्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या पोस्टच दिसतात. म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या दोघांनी एकाच परिषदेचा हॅशटॅग शोधला, तरी दोघांच्या याद्या वेगळ्या निघू शकतात.