पेटीला मधली जागा

आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही गावी हरिनाम सप्ताहाला जावे. मंडपात मधोमध कीर्तनकार बुवा, मागे टाळकऱ्यांची रांग, शेजारी मृदंग; आणि एका कडेला पेटीवाला. बुवांचा सूर लागेपर्यंत तो पट्टी धरून बसतो, बुवा दम घेतात तेवढ्यात रिकामी जागा भरून काढतो आणि ते पुन्हा गाऊ लागले की मागे सरतो. काल्याच्या दिवशी सत्काराचा नारळ त्याच्यापर्यंत बहुधा शेवटीच पोचतो.

लहानपणी पाहिलेला असाच एक सप्ताह अजून आठवतो. बुवांना यायला उशीर झाला होता. मंडळी चुळबुळ करू लागली, तेव्हा कोणी तरी म्हणाले, ‘‘मास्तर, तोवर तुम्हीच वाजवा की!’’ मास्तर संकोचले, मग भाता उघडून त्यांनी यमन सुरू केला. अर्धा तास मंडप चिडीचूप. बुवा आले, मास्तरांनी पेटी पुन्हा कडेला ओढली. त्या अर्ध्या तासाचे पुढे कोणी नावही काढले नाही. साथीला बसणाऱ्याने मध्यभागी यायचे कधी, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

हा प्रश्न पाश्चात्त्यांनाही पडला होता. पियानोवादकाची मैफल म्हणजे सोबत गायक हवेत, वाद्यवृंद हवा, असाच तिकडे रिवाज होता. फ्रांझ लिस्ट या हंगेरियन वादकाने १८३९-४० च्या सुमारास एकट्याच्या पियानोवर आख्खी संध्याकाळ रंगवण्याचे धाडस केले आणि एकलवादनाला प्रतिष्ठा आली. योगायोग असा, की त्याच काळात पॅरिसमध्ये हार्मोनियम आकाराला येत होती. पुढे ती हिंदुस्थानात आली, पायाने चालवायचा भाता हाताशी आला आणि वाद्य मांडी घालून बसणाऱ्याचे झाले.

पण इथे अडचण वेगळीच. पियानोवर दहा बोटे चालतात. आपल्या पेटीवर एक हात भात्यात अडकलेला. शिवाय आपले संगीत गळ्याचे. गायक रिषभावरून गंधारावर जातो तो घसरत, मधले बारीक सूर दाखवत, तीच मींड. पेटीला सप्तकात घरे बारा. एका घरातून दुसऱ्यात उडीच मारावी लागते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली, पण ती रूढ झाली नाही. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. अखेर १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केले. ते साथीपुरते उघडायला १९७१ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! ज्या घरात पेटी होती, त्या घरातल्या रेडिओवर ती नव्हती.

तरीही महाराष्ट्रात पेटी मैफलीत आली. नाटकमंडळ्यांनी तिला आणि ऑर्गनला आधीच आपलेसे केले होते. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीचे एकलवादन नावारूपाला आणले. त्यांच्यानंतर पी. मधुकर, आणि मधुकरांचे शिष्य, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या मराठवाड्याला जवळचे नाव म्हणजे जालन्याचे अप्पा जळगावकर (१९२२-२००९). भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर अशा थोरांच्या मागे ते बसले, आणि एकट्याने वाजवतानाही त्यांनी ऐकणाऱ्यांना खिळवून ठेवले.

मींड नाही, मग हे जमते कसे? चांगला वादक पुढच्या सुराला आधीच निसटता स्पर्श करतो, तोच कण. त्याच वेळी भात्यावरचा दाब हलका करतो, आणि दोन सुरांमधली फट कानाला जाणवतच नाही. पियानोचा सूर वाजताच विरू लागतो. पेटीचा सूर मात्र वारा असेतो उभा राहतो. म्हणजे खरी गायकी बोटांइतकीच भात्याच्या हातात. आणि हा हात तयार होतो तो साथीतच. गायक कुठे श्वास घेतो, कुठे थांबतो, हे वर्षानुवर्षे ऐकून वादकाच्या आत एक गायक वस्तीला येतो. मैफलीत तो एकटा दिसतो एवढेच.

म्हणून वाटते, आमच्या मास्तरांचा तो अर्धा तास काही आकाशातून पडला नव्हता. कडेला बसून काढलेल्या असंख्य रात्रींची ती कमाई होती. आज पुष्कळ ठिकाणी विजेचा कीबोर्ड आला आहे. एक बटण दाबले की ताल, दुसरे दाबले की बासरी. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सप्ताहाच्या सात दिवसांत एका संध्याकाळी, बुवांच्या आधी, अर्धा तास पेटीवाल्याला मुद्दाम मधोमध बसवायला काय हरकत आहे? बुवांना उशीर होण्याची वाट कशाला पाहायची?